वळणावर अंग झुकवल्याने नेमकं काय बदलतं?

वळणावर शरीर आतल्या बाजूला का झुकवायचं? बाईक चालवणाऱ्या दहा जणांना हा प्रश्न विचारून बघा. साधारण तीन उत्तरं येतात. एक, त्यानेच तर बाईक वळते. दोन, त्याने टायरची ग्रिप वाढते. तीन, मोटोजीपीवाले तसंच करतात. पहिलं उत्तर बरंचसं चूक आहे, दुसरं जवळजवळ पूर्ण चूक आहे आणि तिसरं तर उत्तरच नाही. गंमत म्हणजे शरीर झुकवण्याचा फायदा खरा आहे आणि मोजताही येतो. फक्त तो या तिघांपैकी कुणी सांगतं तिथे नाही.

हा विषय घेण्याची दोन कारणं आहेत. पहिलं, याला लागणारं गणित अकरावी-बारावीचं आहे, त्यामुळे सगळं लक्ष प्रश्न कसा मांडायचा याकडे देता येतं. पीएचडीच्या पहिल्या वर्षात नेमकं तेच जड जातं. दुसरं, इथे चुकीच्या समजुतीची किंमत मोठी आहे. साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा घटनास्थळी जाऊन अभ्यास केला. त्यावरचा १९८१ चा अहवाल 'हर्ट रिपोर्ट' म्हणून ओळखला जातो. ज्या अपघातांत दुसरं वाहन नव्हतंच, त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश अपघातांमागे चालकाची चूक होती. नेहमीचे प्रकार दोन: जास्त ब्रेक मारून घसरणं, आणि वेग जास्त झाल्यामुळे किंवा बाईक पुरेशी न वळवल्यामुळे वळणाबाहेर जाणं. समोर काही आलं तर बाईक झटकन बाजूला काढण्याचं कौशल्य या चालकांमध्ये जवळपास आढळलंच नाही.

'बाईक पुरेशी न वळवणं' हे शब्द लक्षात ठेवा. आपण शेवटी तिथेच पोचणार आहोत.

हा एक प्रश्न नाही, दोन आहेत

'वळण घेणं' या शब्दात दोन वेगळ्या घटना दडलेल्या आहेत. पहिली, सरळ उभी चाललेली बाईक एका बाजूला कलते. हा जेमतेम सेकंदभराचा टप्पा. दुसरी, कललेली बाईक ठरावीक वेगाने, ठरावीक गोलाईवर फिरत राहते. पहिली घटना म्हणजे बदल, दुसरी म्हणजे स्थिर अवस्था. मित्रांच्या ग्रुपवर यावरून जे वाद होतात, त्यांत बहुतेक वेळा एक जण पहिल्या घटनेबद्दल बोलत असतो, दुसरा दुसरीबद्दल, आणि दोघांनाही वाटतं समोरच्याला भौतिकशास्त्र कळत नाही.

तुमच्या स्वतःच्या विषयातही हे करून बघा. एखादा प्रश्न वर्षानुवर्षं वादाचा असेल, तर त्यात दोन प्रश्न एकत्र शिवले गेले आहेत का, हे आधी तपासा. आपण सोपी घटना आधी घेऊ, म्हणजे स्थिर अवस्था.

वळणात स्थिर असताना

समजा रस्ता सपाट आहे, वेग स्थिर आहे, टायर पातळ आहेत आणि बाईक व चालक मिळून एकच वस्तू आहे. या वस्तूवर गुरुत्वबल खाली ओढतं. रस्ता दोन गोष्टी देतो: वर उचलणारा आधार, आणि वळणाच्या आतल्या बाजूला ढकलणारं घर्षण. हे घर्षणच इथलं अभिकेंद्री बल. रस्त्याकडून येणाऱ्या या दोन्ही बलांची बेरीज गुरुत्वमध्यातून गेली तर बाईक पडत नाही. एवढ्या अटीवरून सूत्र मिळतं:

कलाच्या कोनाचा टॅन = वेगाचा वर्ग ÷ (वळणाची त्रिज्या × गुरुत्व त्वरण)

यात वस्तुमान कुठेच नाही. गुरुत्वमध्याची उंचीही नाही. १०० सीसीची हलकी बाईक असो की अडीचशे किलोची क्रूझर, त्याच वेगाला आणि त्याच गोलाईला एकत्रित कल तोच लागतो.

४० मीटर त्रिज्येच्या वळणासाठी आकडे काढू.

ताशी ५० किमी: कल २६ अंश, घर्षण गुणांक किमान ०.४९
ताशी ६० किमी: कल ३५ अंश, घर्षण गुणांक किमान ०.७१
ताशी ७० किमी: कल ४४ अंश, घर्षण गुणांक किमान ०.९६

दुसरा आकडा पहिल्याचाच टॅन आहे, वेगळं काही नाही. कोरड्या, चांगल्या डांबरावर चांगला टायर ढोबळमानाने ०.८ ते १ पर्यंत घर्षण देतो. ओल्या रस्त्यावर ते बरंच खाली येतं, बारीक खडीवर तर विचारूच नका. म्हणजे ताशी ५० ला निवांत वाटणारं वळण ७० ला टायरच्या मर्यादेवर जातं. ५० वरून ६० वर जाताना वेग २० टक्क्यांनी वाढतो, पण घर्षणाची गरज ४४ टक्क्यांनी. वर्गाचा परिणाम अंगावर येतो तो असा.

आता एक गृहीतक सोडून देऊ. खरे टायर पातळ नसतात. बाईक कलली की टायर रस्त्याला टेकण्याची जागाही आतल्या बाजूला सरकते, आणि तेवढी भरपाई म्हणून बाईकला थोडं आणखी कलावं लागतं. साधारण १०० मिमी रुंदीच्या टायरला ३५ अंशांच्या कलावर हे जास्तीचे सुमारे ३ अंश होतात. १८० मिमीच्या टायरला ५ अंशांच्या वर. रुंद टायर लावला की बाईक कमी कलून वळते, ही समजूत म्हणूनच उलटी आहे.

मग शरीर झुकवल्याने काय होतं?

वरच्या सूत्रातला कल हा एकत्रित गुरुत्वमध्याचा कल आहे. टायर टेकतो तिथून एकत्रित गुरुत्वमध्यापर्यंत रेषा काढली, तर ती रेषा उभ्या रेषेशी किती कोन करते, तो. बाईकची चौकट त्या रेषेवरच असली पाहिजे असं कुणीही सांगितलेलं नाही. शरीर हलवल्याने बदलतो तो चौकट आणि ही रेषा यांच्यातला कोन.

बाईक १५० किलो, चालक गिअरसकट ७५ किलो, एकूण २२५ धरू. चालकाने पूर्ण शरीर १५ सेमी आत सरकवलं, तर एकत्रित गुरुत्वमध्य ७५ भागिले २२५ गुणिले १५, म्हणजे ५ सेमी सरकतो. त्याची उंची ६५ सेमी मानली तर कोन येतो सुमारे ४.४ अंश. ताशी ६० च्या आपल्या वळणात एकत्रित कल ३५ अंशच राहतो, पण बाईक स्वतः ३१ अंशांवर येते. टायरच्या रुंदीचे ३ अंश दोन्हीकडे सारखेच मिळवा.

हाच तो खरा फायदा: बाईकचा कल चार-साडेचार अंशांनी कमी. त्यामुळे फूटरेस्ट, सायलेन्सर किंवा स्टँड जमिनीला टेकायला वेळ लागतो. टायरच्या अगदी कडेवर जावं लागत नाही. सस्पेन्शन थोडं अधिक उभं राहतं, त्यामुळे खड्डा-उंचवटा शोषायला त्याला सोपं जातं.

आणि काय बदलत नाही? घर्षणाची गरज. ती ०.७१ होती, ०.७१ च राहिली. सूत्रात शरीराची स्थिती येतच नाही. खडबडीत रस्त्यावर सस्पेन्शन नीट चालल्यामुळे टायर रस्त्याला जास्त चिकटून राहतो, एवढा अप्रत्यक्ष फायदा जरूर आहे. पण 'अंग टाकलं की ग्रिप वाढते' या वाक्यात जो अर्थ अभिप्रेत असतो, तो चूक आहे.

आता तुलना बघा. शरीर न हलवता वेग फक्त ताशी ६० वरून ५५ केला तर? एकत्रित कल ३५ वरून ३१ अंशांवर येतो. म्हणजे बाईकच्या कलात फायदा जवळपास तेवढाच. शिवाय घर्षणाची गरज ०.७१ वरून ०.६० वर येते, १६ टक्क्यांची बचत. वळणाआधी ताशी ५ किमी कमी करणं हे अख्खं शरीर सीटवरून उतरवण्याएवढं काम करतं, आणि वर टायरलाही मोकळीक देतं. हा आकडा मला या सगळ्या गणितातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मग रेसर वेग का कमी करत नाहीत? कारण वेग कमी न करणं हेच त्यांचं काम आहे. त्यांचा वेग टायरच्या मर्यादेवर आधीच ठरलेला असतो. तिथे उरलेली अडचण बाईक किती कलू शकते ही असते, आणि ती शरीर सोडवतं. १९६० च्या दशकात माइक हेलवुडसारखे रेसर वळणातही बाईकला चिकटून, तिच्या रेषेतच बसायचे. १९७० च्या दशकात फिनलंडचा यार्नो सारिनेन आणि मग अमेरिकेचा केनी रॉबर्ट्स यांनी सीटवरून आत उतरून गुडघा बाहेर काढायची शैली रुजवली. रॉबर्ट्स १९७८ मध्ये ५०० सीसीचा विश्वविजेता झाला. आज मोटोजीपीत ६० अंशांहून जास्त कल दिसतो. 'सर्वांत वेगवान लोक सर्वांत जास्त झुकतात' यावरून 'झुकल्याने वेग येतो' असा निष्कर्ष काढणं म्हणजे सहसंबंधाला कारण समजणं. संशोधन पद्धतीच्या पेपरात आपण हे वाक्य पाठ करतो. गुडघा घासणारा फोटो समोर आला की विसरतो.

उलट बाजूला झुकण्याचेही उपयोग आहेत. अरुंद गल्लीत यू-टर्न घेताना शरीर बाहेरच्या बाजूला ठेवून बाईक आत पाडली, तर तिचा कल वाढतो. हँडल तेवढंच वळलेलं असताना जास्त कललेली बाईक लहान गोलाई काढते. ३० अंशांच्या कलावर हा फरक सुमारे १५ टक्क्यांचा पडतो. मातीवर बाईक चालवणारेही याच कुटुंबातली पद्धत वापरतात.

वळणात शिरताना: हँडल उलट्या बाजूला

आता पहिली घटना. सरळ चाललेली बाईक कलते कशी?

तळहातावर उभा झाडू तोलून धरा. तो उजवीकडे पाडायचा असेल तर तुम्ही झाडूला हात लावत नाही, तळहात डावीकडे नेता. बाईकचंही तेच. बाईक उजवीकडे कलायला हवी असेल, तर टायर डावीकडे सरकायला हवेत. त्यासाठी पुढचं चाक क्षणभर डावीकडे वळायला हवं. म्हणजे उजव्या हाताने हँडलचं उजवं टोक पुढे ढकलायचं. बाईक उजवीकडे कलते, आणि पुढचं चाक आपोआप उजवीकडे येऊन गोलाई पकडतं. याला काउंटरस्टीअरिंग म्हणतात. चालण्याच्या वेगाच्या वर ते कायम घडत असतं, चालवणाऱ्याला कळो वा न कळो.

विमानवाले राइट बंधू मुळात सायकलवाले. विल्बर राइट यांनी अनेक सायकलस्वारांना विचारलं होतं की डावीकडे वळताना तुम्ही काय करता. पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर कुणालाच देता आलं नाही. आधी हँडल किंचित उजवीकडे जातं, हे बहुतेकांच्या लक्षातच आलेलं नसतं. हात ते रोज करतात, डोक्याला पत्ता नसतो. ज्ञान हातात असणं आणि ते शब्दांत मांडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही कुशल लोकांच्या मुलाखती घेऊन संशोधन करणार असाल, तर हा प्रसंग जपून ठेवा. कुशल माणूस करतो ते बरोबर असतं. त्याने दिलेलं स्पष्टीकरण बरोबर असेलच असं नाही.

मग हात सोडून सायकल वळवता येते, ती कशी? तिथेही हँडल सुटलेलं नसतं. तुम्ही शरीर उजवीकडे टाकता तेव्हा प्रतिक्रियेने चौकट किंचित डावीकडे कलते, त्यामुळे पुढचं चाक डावीकडे वळतं, आणि पुढची गोष्ट वर सांगितल्याप्रमाणे. शरीराचा हुकूमही चाकाकडूनच अमलात येतो. सायकल हलकी म्हणून हे जमतं. दीडशे किलोच्या बाईकवर ताशी ६० ला याचा परिणाम मंद आणि तोकडा असतो.

प्रयोग कसे वाचायचे

अमेरिकेतले प्रशिक्षक कीथ कोड यांनी एक खास बाईक बनवली. तिला नेहमीच्या हँडलशिवाय चौकटीला पक्कं जोडलेलं दुसरं हँडल होतं, त्यावरही थ्रॉटल. हे दुसरं हँडल धरलं की पुढच्या चाकाला हात लागत नाही, फक्त शरीर उरतं. चालकांनी कितीही अंग टाकलं तरी बाईक थोडीशी भरकटायची, पण हुकमी वळायची नाही. एक चल वेगळा काढण्याचा हा सुंदर नमुना. मात्र हे प्रात्यक्षिक आहे, मोजमाप नाही. किती सेकंदांत किती अंश कल आला, हे त्यातून कळत नाही. 'शरीराने बाईक हवी तेव्हा, हवी तेवढी वळत नाही' एवढं त्यावरून म्हणता येतं. 'शरीराचा परिणाम शून्य आहे' असं म्हणता येत नाही.

दुसरं उदाहरण जायरोस्कोपचं. फिरत्या चाकांमुळे दुचाकी उभी राहते, असं शाळेपासून ऐकलेलं असतं. डेव्हिड जोन्स यांनी १९७० मध्ये 'फिजिक्स टुडे'त यावर लेख लिहिला. त्यांनी चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायचा चंग बांधला. पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारं जास्तीचं चाक लावून जायरोस्कोपचा परिणाम मारला. तरी ती सायकल आरामात चालवता आली. फक्त चालकाशिवाय सोडली की पटकन पडायची.

मग २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये कोइमन, मायार्ड, पापाडोपोलस, रुइना आणि श्वाब यांचा लेख आला. त्यांनी जायरोस्कोपचा परिणाम जवळपास रद्द केलेली, आणि पुढच्या चाकाचा ट्रेलही उलटा ठेवलेली छोटी दुचाकी बनवली. ती ढकलून दिल्यावर चालकाशिवाय स्वतःला सावरायची. यावर बातम्या आल्या की जायरोस्कोपचा काही संबंधच नाही. लेखाचा दावा तो नाही. लेख म्हणतो, जायरोस्कोपचा परिणाम *आवश्यक* नाही. नेहमीच्या बाईकमध्ये तो असतोच, आणि कल व हँडल यांच्या जोडणीत भागही घेतो. 'आवश्यक नाही' आणि 'परिणाम नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना हा फरक पुसला जाऊ देऊ नका.

वळण अचानक आवळलं तर

आता हर्ट रिपोर्टमधल्या त्या शब्दांकडे येऊ.

घाटात ताशी ६० ने वळणात शिरलात. गोलाई ४० मीटरची वाटली होती, पण पुढे ती ३४ मीटरपर्यंत आवळते. गरज किती वाढली? घर्षण ०.७१ वरून ०.८३, एकत्रित कल ३५ वरून ४० अंश. रस्ता कोरडा असेल आणि टायर ०.९ देत असेल, तर हे अजूनही मर्यादेत आहे. बाईकला फक्त पाचेक अंश जास्त कलवायचं आहे. त्यासाठी आतल्या बाजूचं हँडल थोडं आणखी ढकलायचं आहे.

प्रत्यक्षात काय होतं? माणूस घाबरतो, हात ताठ होतात, नजर कठड्यावर किंवा समोरून येणाऱ्या एसटीवर खिळते आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला जातो. कललेल्या बाईकच्या पुढच्या टायरची टेकायची जागा आतल्या बाजूला सरकलेली असते, त्यामुळे ब्रेकचं बल हँडलला वळणाच्या आत फिरवतं. काउंटरस्टीअरिंगचा नियम आठवा: हँडल आत गेलं की बाईक उभी होते. बाईक उभी झाली की गोलाई मोठी होते, आणि आपण नेमके तिथे जातो जिथे जायचं नव्हतं. टायरकडे ग्रिप शिल्लक होती. बाईककडे कल शिल्लक होता. वापरलं गेलं नाही ते चालकाकडचं ज्ञान.

वळणात ब्रेक लावायचाच नाही, असा याचा अर्थ नाही. टायरचं घर्षण वळण आणि ब्रेक यांत वाटलं जातं, आणि ही वाटणी वर्गांच्या बेरजेने होते. ०.९ पैकी ०.७१ वळणात खर्च होत असेल, तर ब्रेकसाठी ०.१९ नाही, तर सुमारे ०.५५ उरतं. हळुवार, वाढत जाणाऱ्या ब्रेकला पुरेशी जागा आहे. झटक्याला नाही. आणि ओल्या रस्त्यावर टायर ०.६ च देत असेल, तर ताशी ६० चा प्रश्न वळणाआधीच सोडवायला हवा होता.

शरीराचे ते साडेचार अंश इथे उपयोगी पडतात. समजा तुमचा फूटरेस्ट ४२ अंशांना टेकतो. ताठ बसलेल्याची बाईक या आवळलेल्या वळणात टायरच्या रुंदीसकट ४३ वर जाते, आत झुकलेल्याची साडेअडतीसवर राहते. शरीर आधीच आत ठेवणं ही वेग वाढवण्याची परवानगी नाही, अडचणीसाठी राखून ठेवलेली गंगाजळी आहे.

ट्रॅकवरचं शरीर आणि घाटातलं शरीर

मग रस्त्यावर गुडघा घासायचा का? नको, आणि त्याचंही गणित आहे. शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग धड, डोकं आणि हात यांत असतो. सीटवरून न उतरता फक्त कमरेच्या वरचा भाग १५ सेमी आत नेला, तरी बाईकचा कल सुमारे ३ अंशांनी कमी होतो. कमी श्रमात फायद्याचा बराचसा वाटा मिळतो. बाहेरच्या बाजूचा गुडघा टाकीला टेकवा, म्हणजे वरच्या शरीराचा भार हातांवर येणार नाही. भार हातांवर आला की तो हँडलवर जातो, आणि नको असलेला हुकूम पुढच्या चाकाला मिळतो. हात सैल, नजर वळणाच्या टोकाकडे.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या रस्त्यांची. आपण डावीकडून चालतो. ताम्हिणी किंवा वरंधासारख्या घाटात उजवं वळण घेताना बाईक उजवीकडे, म्हणजे समोरच्या वाहतुकीकडे कलते. डोकं टायरपासून बाईकच्या उंचीला समांतर मोजलं तर १.४ मीटरवर असतं असं धरा. ३५ अंशांच्या कलात ते टायरच्या रेषेपासून ८० सेमी उजवीकडे जातं. वर शरीर झुकवलं तर जवळपास एक मीटर. टायर मधल्या रेषेच्या अर्धा मीटर आत आहे म्हणून तुम्ही स्वतःला सुरक्षित समजत असाल, तर तुमचं डोकं समोरच्याच्या लेनमध्ये आहे. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही. उजव्या वळणात टायर रस्त्याच्या डावीकडे ठेवणं म्हणूनच शरीराच्या कोणत्याही शैलीपेक्षा महत्त्वाचं.

मागे बसणाऱ्यांचाही हिशेब करा. ६० किलोची व्यक्ती घाबरून १५ सेमी उलट्या बाजूला झुकली, तर बाईकला जवळपास ३ अंश जास्त कलावं लागतं. तुम्ही वरचं शरीर झुकवून मिळवलेलं सगळं तिथे संपतं. निघण्याआधी "माझ्या आतल्या खांद्यावरून पुढे बघ" एवढं सांगून ठेवलं तरी पुरतं.

हे सगळं वाचून लगेच घाटात करून बघू नका. रिकामं मैदान, कमी वेग, पूर्ण गिअर आणि शक्यतो जाणकार प्रशिक्षक, याच क्रमाने.

करून बघण्यासाठी

शेवटी एक प्रश्न, उपकरणांवर विचार करायला लावणारा. फोनमधल्या त्वरणमापकावर चालणारं कोन मोजायचं साधं ॲप तुम्ही बाईकच्या चौकटीवर पक्कं बसवलंत. जाणकार मित्र ३० अंशांचा कल घेऊन गोल फिरतोय. ॲप किती अंश दाखवेल?

बहुतेक जण ३० म्हणतात. उत्तर शून्याच्या आसपास आहे. स्थिर वळणात त्वरणमापकाला जाणवणारं एकत्रित बल बरोबर कललेल्या रेषेवरूनच जातं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने बाईक सरळ उभी आहे. खरा कल मोजायला फिरण्याचा वेग मोजणारा जायरो सेन्सर आणि वेगाची नोंद यांची सांगड घालावी लागते.

पण गंमत इथे आहे. मित्राने शरीर आत झुकवलं की ॲपवरचा आकडा हलतो. कारण आता चौकट आणि ती रेषा यांच्यात कोन तयार झालाय, आणि त्वरणमापक नेमका तोच कोन मोजतो. टायरच्या रुंदीचा परिणाम त्यात उलट दिशेने मिसळलेला असतो, तो वजा करावा लागेल. ज्या उपकरणाला बाईकचा कल दिसत नाही, त्याला शरीराचा परिणाम मात्र थेट दिसतो. तुमच्या बाईकचं वजन, तुमचं वजन आणि टायरची रुंदी घेऊन हा आकडा आधी कागदावर काढा. मग तो मोजायचा झाला तर वेग स्थिर कसा ठेवाल, गोलाई कशी आखाल, किती फेऱ्या घ्याल आणि इंजिनच्या कंपनांचा गोंगाट कसा गाळाल, हे एका पानावर लिहा. ते पान म्हणजे एका छोट्या संशोधन प्रस्तावाचा पहिला मसुदा आहे.